सिलिकॉन पिक्सेल सेन्सर किरणोत्सारात किती टिकतात आणि ते तपासतात कसे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

या विषयात नव्याने पडलेले विद्यार्थी, इलेक्ट्रॉनिक्सवाले सहकारी आणि 'रात्रभर बीमपाशी (कणांच्या झोतापाशी) बसून तुम्ही नेमकं करता काय?' असं विचारणारी मंडळी, या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून ते एकदाचे एका जागी लिहून काढले. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे माणसं हमखास ठेचकाळतात तिथे जास्त थांबलो आहे.

पिक्सेल सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातलीच चिप ना?

भाऊबंद आहेत, पण घरं वेगळी. आपला सेन्सर म्हणजे उलट बायस (उलट्या दिशेने व्होल्टेज) दिलेला सिलिकॉनचा डायोड, फक्त त्याचा एक इलेक्ट्रोड हजारो चौकटींत कापलेला. विद्युतभारित कण आरपार गेला की वाटेत इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन सुटल्यावर उरलेली रिकामी जागा) यांच्या जोड्या सुटतात, एका मायक्रोमीटरला साधारण ७०. सेन्सर १०० मायक्रोमीटर जाड असेल तर हातात पडतात ७,००० इलेक्ट्रॉन, म्हणजे जेमतेम एक फेम्टोकुलोम. एवढ्याशा भारावरून 'इथून कण गेला' हे ओळखायचं, तेही दर २५ नॅनोसेकंदांनी, सेकंदाला चार कोटी वेळा.

सेन्सर आणि त्याची रीडआऊट चिप, म्हणजे पिक्सेलांतला भार वाचणारी चिप, हे दोन वेगळे तुकडे असतात. प्रत्येक पिक्सेलखाली धातूचा एक सूक्ष्म थेंब असतो. ते सगळे थेंब जुळवून दोन्ही तुकडे एकमेकांवर उपडे चिकटवले जातात, त्याला बंप बाँडिंग म्हणतात. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या ॲटलास प्रयोगाच्या नव्या डिटेक्टरसाठी बनलेल्या चिपवर ४०० गुणिले ३८४, म्हणजे १,५३,६०० पिक्सेल आहेत, प्रत्येकी ५० बाय ५० मायक्रोमीटरचे. चिप असते साधारण दोन सेंटिमीटरची.

किरणोत्सार असा किती असतो की त्याची एवढी धास्ती घ्यावी?

सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या प्रोटॉन धडकवणाऱ्या यंत्राची पुढची, जास्त तीव्रतेची आवृत्ती चालू झाली की आतल्या थरातल्या सेन्सरला आयुष्यभरात दर चौरस सेंटिमीटरला २ × १०^१६ कण सोसावे लागतील असा अंदाज आहे. इथे 'कण' म्हणजे १ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या न्यूट्रॉनच्या तोलाचे कण. प्रोटॉन, पायॉन, न्यूट्रॉन हे सगळे सारखं नुकसान करत नाहीत, म्हणून सगळ्यांचा हिशेब या एका चलनात मांडतात. या आकड्याला फ्लूएन्स म्हणतात.

२ वर १६ शून्ये वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून मी विद्यार्थ्यांना एक भागाकार करायला लावतो. सिलिकॉनच्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ × १०^१४ अणू बसतात. म्हणजे पृष्ठभागावरच्या एकेका अणूमागे तीसेक कण! सेन्सर तरीही काम करतो, याचंच खरं तर नवल वाटायला हवं.

याखेरीज आयनीकरणाची मात्रा वेगळी मोजतात. सर्वांत आत ती १ गिगारॅडपर्यंत, म्हणजे १ कोटी ग्रेपर्यंत धरलेली आहे. माणसाला चार-पाच ग्रे जिवावर बेततात. ॲटलासमध्ये पहिला थर बीमपासून अवघ्या ३४ मिलिमीटरवर असेल, आणि आतले दोन थर मध्यावर बदलायचे हे आराखड्यातच ठरलेलं आहे.

सिलिकॉनचं नेमकं बिघडतं काय?

दोन वेगळी नुकसानं होतात. त्यांची गल्लत केली की पुढची सगळी चर्चा वाया जाते.

पहिलं स्फटिकाच्या पोटातलं. आलेला कण अणूला धडकतो. सुमारे २५ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त ऊर्जा मिळाली की अणू जागा सोडतो, मागे रिकामी जागा राहते आणि पुढे भलत्याच ठिकाणी एक अणू अडकून बसतो. धक्का जोराचा असेल तर तो सुटलेला अणूच पुढे आणखी अणू उधळत जातो. याचे तीन परिणाम सेन्सरवर दिसतात.

लीकेज करंट, म्हणजे कण आला नसतानाही गळणारा करंट, वाढतो. हा हिशेब इतका सरळ आहे की पाठच ठेवावा: वाढलेला करंट म्हणजे अल्फा (एक ठरलेला गुणांक) गुणिले फ्लूएन्स गुणिले घनफळ. ६० अंश सेल्सिअसला ८० मिनिटं ठेवलेल्या सेन्सरसाठी अल्फा २० अंशांना सुमारे ४ × १०^-१७ अँपिअर प्रति सेंटिमीटर येतो. आता १ चौरस सेंटिमीटरचा, १०० मायक्रोमीटर जाडीचा सेन्सर घ्या आणि फ्लूएन्स १०^१६ धरा. उत्तर येतं ४ मिलिअँपिअर. ६०० व्होल्टला ती झाली २.४ वॉट उष्णता, नखाएवढ्या तुकड्यात. तोच सेन्सर उणे २५ अंशांवर नेला की करंट शंभरपटीहून थोडा जास्तच घटतो, ४० मायक्रोअँपिअरच्या आत येतो. एवढा सगळा थंडीचा खटाटोप कशासाठी, ते या एका भागाकारात आहे. थंडावा कमी पडला तर करंटने सेन्सर तापतो, तापला की करंट आणखी वाढतो आणि गाडी उतारावर सुटते.

दुसरा परिणाम डोपिंगवर, म्हणजे सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धींच्या प्रमाणावर होतो. डिप्लीशनसाठी (सेन्सरची जाडी मोकळ्या भारांपासून रिकामी करून कण टिपायला तयार करण्यासाठी) लागणारं व्होल्टेज बदलत जातं आणि मोठ्या फ्लूएन्सला पार शेकडो व्होल्टवर पोचतं.

तिसरा, आणि आपल्या फ्लूएन्सला सर्वांत जाचक, म्हणजे ट्रॅपिंग. सुटलेले इलेक्ट्रॉन वाटेतच दोषांत अडकतात. कमी फ्लूएन्सच्या मापांवरून सरळ रेषेने पुढे गेलं तर १०^१६ ला इलेक्ट्रॉनचं आयुष्य ०.२ नॅनोसेकंदच्या आसपास येतं. पूर्ण वेगातला इलेक्ट्रॉन नॅनोसेकंदाला साधारण १०० मायक्रोमीटर पळतो, म्हणजे तो जेमतेम २० मायक्रोमीटर जाईल. प्रत्यक्षात मोजलं तर परिस्थिती या हिशेबापेक्षा बरी निघते. सरळ रेषा लांबवर ओढू नये, हे इथे मोजूनच कळलं.

दुसरं नुकसान पृष्ठभागावरच्या ऑक्साइडचं. आयनीकरणाने तिथे धन भार साचतो. सेन्सरमध्ये त्याने शेजारच्या पिक्सेलांतलं विलगीकरण बिघडू शकतं. पण खरा फटका बसतो तो रीडआऊट चिपच्या ट्रान्झिस्टरांना.

मग सेन्सर पातळ का करतात? जाड असेल तर जास्त भार मिळेल ना?

नव्या सेन्सरला मिळेल. मार खाल्लेल्या सेन्सरमध्ये लांबून निघालेला भार पोचतच नाही, आणि जाड सेन्सर पूर्ण डिप्लीट करायला लागणारं व्होल्टेज परवडत नाही. म्हणून २५० ते ३०० मायक्रोमीटरवरून आता १०० ते १५० वर आलो आहोत. शिवाय पूर्वीच्या एन-इन-एन सेन्सरऐवजी (एन प्रकारच्या सिलिकॉनमध्ये एन इलेक्ट्रोड) एन-इन-पी (पी प्रकारच्या सिलिकॉनमध्ये एन इलेक्ट्रोड) वापरतात. त्यात एकाच बाजूला प्रक्रिया करावी लागते, आणि त्यातही इलेक्ट्रॉनच गोळा होतात, जे होलपेक्षा चपळ असतात.

सर्वांत आतल्या थरासाठी थ्रीडी सेन्सर. ही कल्पना शेरवूड पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. इलेक्ट्रोड पृष्ठभागावर न ठेवता स्फटिकात उभे खांब म्हणून खोदायचे. मग सेन्सर कितीही जाड असो, भाराला जायचं असतं ते फक्त शेजारच्या खांबापर्यंत. ५० बाय ५० च्या पिक्सेलमध्ये ते अंतर सुमारे ३५ मायक्रोमीटर पडतं. शे-दीडशे व्होल्टवर भागतं, त्यामुळे उष्णताही कमी. बनवायला मात्र किचकट. प्रत्यक्ष प्रयोगात ते पहिल्यांदा २०१४ मध्ये बसले, ॲटलासच्या आयबीएल या सर्वांत आतल्या थरात.

आयुष्यभराचा किरणोत्सार चार दिवसांत कसा देतात?

तीव्र झोतात ठेवून. याला आम्ही 'भाजणं' म्हणतो. सर्नच्या प्रोटॉन सिंक्रोट्रॉनवर २४ जीईव्हीचे (१ जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) प्रोटॉन मिळतात. कार्ल्सरूह आणि बर्मिंगहॅमच्या सायक्लोट्रॉनवर वीस-तीस एमईव्हीचे. न्यूट्रॉनसाठी ल्युब्ल्यानाची ट्रिगा अणुभट्टी, जिच्यात नमुना एका नळीतून थेट गाभ्यापाशी सोडतात. २४ जीईव्हीच्या प्रोटॉनचा नुकसानीचा गुणांक सुमारे ०.६, तर कार्ल्सरूहच्या कमी ऊर्जेच्या प्रोटॉनचा सुमारे २. म्हणजे मोजलेली प्रोटॉनसंख्या या गुणांकाने गुणली की आपल्या चलनातला फ्लूएन्स मिळतो.

हे चलन सोयीचं आहे, निर्दोष नाही. लीकेज करंट त्याचं ऐकतो. डोपिंगमधला बदल मात्र प्रोटॉनने वेगळा आणि न्यूट्रॉनने वेगळा होतो, सिलिकॉनमध्ये ऑक्सिजन किती आहे यावरही ठरतो. शिवाय प्रोटॉन चिपला आयनीकरणाची मात्राही भरपूर देतात, न्यूट्रॉन फारशी देत नाहीत. म्हणून एकाच ठिकाणी भाजून आणलेल्या नमुन्यावर मी तरी निकाल देणार नाही.

झोत सगळीकडे सारखा नसतो, हेही लक्षात ठेवायचं. प्रोटॉनचा झोत बहुधा मध्ये दाट आणि कडेला विरळ असतो. दोन सेंटिमीटरच्या मॉड्यूलच्या (सेन्सर आणि चिप जोडून झालेल्या तुकड्याच्या) मध्यभागी आणि कोपऱ्यात मग बराच फरक पडतो. कितीतरी वेळा 'सरासरी फ्लूएन्स' लिहून मोकळं होतात. त्यापेक्षा नमुन्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्या लावून, त्यांत तयार झालेला सोडियम मोजून, तुकड्यातुकड्याचा हिशेब काढावा.

भाजून आलेला नमुना हातात घेता येतो का?

लगेच नाही. तो स्वतःच किरणोत्सारी झालेला असतो. अणुभट्टीतून आलेल्या मॉड्यूलमध्ये त्रास देतात ते बहुधा सिलिकॉन नव्हेच, तर आजूबाजूचे धातू. चिपमधलं टँटलम हे नेहमीचं दुखणं, त्याचा अर्धायुष्यकाळ ११४ दिवस. चांदी मिसळलेला गोंद वापरला असेल तर आठ महिन्यांहून जास्त अर्धायुष्याचं एक समस्थानिक त्याची आठवण करून देत राहतं. मॉड्यूल कशाने चिकटवायचं हा निर्णय म्हणूनच भाजण्याआधी घ्यायचा असतो. नंतर पश्चात्ताप करून चांदी निघत नाही.

सेन्सर फ्रीझरमध्ये का ठेवता?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

स्फटिकातले दोष स्थिर नसतात. उबेत ते सरकतात, एकमेकांना भेटतात, काही मिटतात, काही नवे तयार होतात. याला ॲनीलिंग म्हणतात. लीकेज करंट उबेत कमी होत जातो. डिप्लीशन व्होल्टेज मात्र आधी सुधारतं आणि नंतर बिघडतं, आणि ते बिघडणं कितीतरी दिवस चालू राहतं. ६० अंशांना ८० मिनिटं हा संकेत यासाठीच पडला आहे. तेवढ्यात चांगला टप्पा साधारण संपतो आणि वाईट टप्पा पुरता सुरू झालेला नसतो. खोलीच्या तापमानाला हेच घडायला आठवड्याहून अधिक लागतो. गोठवलं की सगळं जवळपास थांबतं.

याचा अर्थ असा की नमुन्याचं वय फ्लूएन्समध्ये नाही, फ्लूएन्स अधिक उबेतले तास यांत असतं. भाजताना नमुना किती तापला, झोत थांबल्यावर किती तास खोलीत पडून राहिला, प्रवासात बर्फ संपला का, वायर बाँडिंगला (चिपला बारीक तारा जोडायला) टेबलावर किती वेळ होता, हे सगळं त्याच्या वयात धरावं लागतं.

एकदा आमच्याकडे एकाच वेफरचे (सेन्सर ज्यातून कापतात ती सिलिकॉनची चकती), एकाच फ्लूएन्सचे दोन नमुने आले. एकाचा करंट दुसऱ्याच्या जवळपास पाऊणपट. आठवडाभर आम्ही थर्मामीटर तपासला, पुरवठा बदलला, केबल बदलल्या, तापमानाची दुरुस्ती पुन्हा केली. शेवटी पार्सलच्या डब्यातला तापमान नोंदवणारा ठोकळा कुणीतरी संगणकाला जोडला. आलेखावर शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत सरळ सपाट रेषा, २३ अंशांवर. डबा शनिवार-रविवार कुठल्याशा गोदामात फ्रीझरबाहेर पडून होता. नमुना ठणठणीत होता, फक्त आम्हाला वाटत होतं त्यापेक्षा अडीच दिवसांनी मोठा. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पिशवीवर एक कागद चिकटवलेला असतो: तारीख, बाहेर काढल्याची वेळ, परत ठेवल्याची वेळ. बाहेरून येणारे त्याला हसतात.

बीमवर न्यायच्या आधी प्रयोगशाळेत काय बघता?

पहिला आयव्ही. व्होल्टेज पायरीपायरीने वाढवायचं आणि करंट नोंदवायचा. साधी गोष्ट वाटते, पण निम्मं निदान इथेच होतं. न भाजलेल्या सेन्सरचा आलेख एका पातळीवर चढून सपाट होतो आणि ब्रेकडाऊनला एकदम उसळतो. भाजलेल्या सेन्सरचा आलेख चढतच राहतो, कारण व्होल्टेजबरोबर कामाला लागलेलं घनफळही वाढत असतं. ही चढण सौम्य आहे तोवर काळजी नाही. मध्येच खांद्यासारखा उंचवटा किंवा टोकाला वाकडी उसळी दिसली तर थांबायचं. मोजलेला करंट अल्फाच्या हिशेबाशी ताडून बघायचा. दुप्पट आला तर फ्लूएन्स चुकलाय, तापमान चुकलंय किंवा कडेने करंट वाहतोय.

तापमान मोजणारा सेन्सर कुठे चिकटवला आहे हे दर वेळी विचारा. धातूच्या चकतीवर असेल तर सिलिकॉन काही अंशांनी वेगळं असू शकतं, आणि सातेक अंशांत करंट दुप्पट होतो.

सीव्ही, म्हणजे धारिता मोजून डिप्लीशन काढणं, नव्या वेफरला उत्तम. भाजल्यावर तीच मोजणी वारंवारता आणि तापमान बदललं की वेगळं उत्तर देते. तिच्यावर विसंबण्यापेक्षा स्ट्रॉन्शियम-९० चा स्रोत वर ठेवून गोळा होणारा भारच बघावा.

मॉड्यूल ठिणगी पडून मेलं म्हणतात, ते काय असतं?

एन-इन-पी सेन्सरची कापलेली कड मागच्या बाजूच्याच व्होल्टेजला असते, म्हणजे ६०० व्होल्ट असू शकतं. तिच्या समोर, बंपच्या उंचीएवढ्या फटीपलीकडे, रीडआऊट चिप शून्य व्होल्टला बसलेली. दहा-वीस मायक्रोमीटरची हवा. ठिणगी पडते आणि चिपच्या कडेवर सूक्ष्मदर्शकाखाली काळा, वितळलेला खड्डा दिसतो, भोवती धातू शिंपडल्यासारखा. गंमत अशी की न भाजलेलं मॉड्यूल शंभर व्होल्टच्या आत पूर्ण चालतं, त्यामुळे हे दुखणं सुरुवातीला कुणाला दिसतच नाही. उपाय म्हणून पॅरिलिन या विद्युतरोधक पॉलिमरचा काही मायक्रोमीटरचा थर देतात किंवा वेफरवरच दुसरं विद्युतरोधक पॉलिमर चढवतात. तो थर वायर बाँड करायच्या पॅडवर जाऊ नये म्हणून झाकाझाकी करणं हे मात्र हाताचंच काम, आणि वैतागाचं.

टेस्ट बीममध्ये प्रत्यक्ष काय चालतं?

सर्नच्या एसपीएस या त्वरकावर १२० जीईव्हीच्या आसपासचे पायॉन मिळतात, हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेत ६ जीईव्हीपर्यंतचे इलेक्ट्रॉन, अमेरिकेतल्या फर्मिलॅबमध्ये १२० जीईव्हीचे प्रोटॉन. झोताच्या वाटेत टेलिस्कोप उभा करतात. ही ताऱ्यांची दुर्बीण नव्हे. पातळ सेन्सरच्या सहा पाट्या एका ओळीत, तीन पुढे, तीन मागे, आणि मध्ये आपला नमुना. बरीच वर्षं वापरात असलेल्या टेलिस्कोपांत मिमोसा२६ नावाचे सेन्सर आहेत, ५० मायक्रोमीटर जाड, १८.४ मायक्रोमीटरचे पिक्सेल. सहा ठिपक्यांतून रेषा काढली की कण नमुन्याच्या कुठल्या बिंदूतून गेला ते काही मायक्रोमीटरच्या अचूकतेने कळतं. मग नमुन्याला विचारायचं: तुला दिसला का?

यातला नाजूक भाग वेळेचा आहे. मिमोसा२६ ला एक चित्र पुरं करायला ११५ मायक्रोसेकंद लागतात. आपली चिप २५ नॅनोसेकंदांच्या ठोक्यांवर चालते. टेलिस्कोपच्या एका चित्रात म्हणून तीन-चार कण सापडतात, आणि त्यांतले बाकीचे आपल्या चिपची खिडकी उघडी नसताना गेलेले असतात. ते हिशेबात धरले तर चांगल्या सेन्सरची कार्यक्षमता विनाकारण घसरते. यावर तोड म्हणजे ओळीत आणखी एक न भाजलेलं, जलद मॉड्यूल ठेवायचं आणि त्याने पाहिलेलेच कण मोजायचे. नव्या विद्यार्थ्याचा पहिला निकाल ४० टक्के आला की मी आधी हेच विचारतो.

थंडीसाठी नमुना थर्माकोलच्या किंवा फोमच्या पेटीत असतो, बऱ्याचदा खाली कोरडा बर्फ. बर्फ उडून जातो तसं तापमान चढतं, म्हणून काही तासांनी झोत थांबवून आत जाऊन भरावं लागतं. आत कोरडा नायट्रोजन सोडलेला हवाच. एका पहाटे तीनला पेटीचं झाकण नीट बसलं नव्हतं. आधी वायर बाँडच्या रांगेवर धुकट पांढरी साय आली, मग एकेक तार केसाळ दिसू लागली, आणि करंट पाचच मिनिटांत तिप्पट झाला. व्होल्टेज तातडीने उतरवलं म्हणून मॉड्यूल वाचलं. ओलावा मोजणारा सेन्सर नमुन्यापासून लांब कोपऱ्यात होता, तो निवांत 'कोरडं' दाखवत होता.

डेझीच्या कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनला ही पेटीसुद्धा वाकवते. तिथे भिंती शक्य तितक्या पातळ ठेवाव्या लागतात, नाहीतर रेषेची अचूकता जाते.

कार्यक्षमता ९८ टक्के म्हणजे नेमकं काय?

टेलिस्कोपने दाखवलेल्या बिंदूजवळ नमुन्यातही खूण सापडली, असं शंभरातल्या ९८ कणांच्या बाबतीत घडलं. दहा हजार कण मोजले तर सांख्यिकी अनिश्चितता ०.१४ टक्के येते, तेव्हा संख्येची चणचण नसते. घोळ होतो तो छेदात, म्हणजे कुठले कण मोजायला धरले त्यात. मेलेले आणि बंद केलेले पिक्सेल वगळले का? वगळले असतील तर किती? 'जवळ' म्हणजे किती मायक्रोमीटर? फार सैल अंतर घेतलं आणि चिप गोंगाट करत असेल, तर गोंगाटच कणाच्या नावावर खपतो आणि आकडा फुगतो.

ॲटलासच्या नव्या डिटेक्टरमध्ये भाजलेल्या सेन्सरकडून ९७ टक्क्यांची अपेक्षा आहे. पण एकच आकडा बघू नका. लाखो कण जमवून सगळे एका पिक्सेलवर रचले की पिक्सेलच्या आतला नकाशा मिळतो, आणि उणिवा कुठे आहेत ते दिसतं. काही प्लेनर (इलेक्ट्रोड पृष्ठभागावरच असलेल्या) सेन्सरांत चाचणीच्या सोयीसाठी प्रत्येक पिक्सेलला बायसचा एक ठिपका दिलेला असतो. भाजल्यावर नेमका तिथेच खड्डा पडतो. थ्रीडीमध्ये खांबांच्या जागी खड्डे दिसतात, कारण खांबातून सरळ गेलेला कण तिथे फारसा भार सोडत नाही. सेन्सर पंधराएक अंश तिरका केला की ते भरून येतात.

थ्रेशोल्ड कमी करून कार्यक्षमता वाढवता येत नाही का?

येते, काही मर्यादेपर्यंत. थ्रेशोल्ड म्हणजे पिक्सेलने खूण नोंदवायला लागणारा किमान भार. नव्या चिपा १,००० इलेक्ट्रॉनच्या आसपास चालतात. त्याखाली उतरलं की गोंगाट वाढतो, गोंगाटी पिक्सेल बंद करावे लागतात, आणि बंद पिक्सेल म्हणजे पुन्हा तुटवडाच. भाजल्यावर आणि थंड केल्यावर थ्रेशोल्ड नव्याने जुळवावा लागतो. खोलीच्या तापमानाला केलेली जुळवणी पेटीत चालत नाही.

सेन्सरच्या आत कुठल्या खोलीवर भार हरवतो, हे कळतं का?

हो, आणि माझ्या मते ही सर्वांत देखणी मोजणी. सेन्सर झोताला जवळजवळ समांतर आडवा करायचा. एकच कण मग पिक्सेलांच्या लांब रांगेतून जातो, आणि रांगेतला प्रत्येक पिक्सेल वेगळ्या खोलीवरचा भार सांगतो. कमी व्होल्टेजला रांगेचं एक टोक अंधारात असतं, व्होल्टेज वाढवू तसा उजेड खोलवर सरकतो. प्रयोगशाळेत हेच काम कडेतून लेसर सोडून करतात.

चाचण्यांतून काय निसटतं?

जे तपासायचं सुचत नाही ते. दोन उदाहरणं जाहीर आहेत आणि दोन्ही सेन्सरची नव्हेत, शेजाऱ्याची.

२०१५ मध्ये ॲटलासच्या आयबीएल थरात चिपांचा करंट अचानक चढू लागला. १३० नॅनोमीटरच्या ट्रान्झिस्टरांच्या कडेच्या ऑक्साइडमध्ये भार साचून चोरवाटा उघडल्या होत्या. गंमत म्हणजे हा चढ सुमारे १ मेगारॅडला शिगेला पोचतो आणि नंतर ओसरतो. शेवटच्या मात्रेपर्यंत एका दमात भाजून मग मोजणाऱ्याला तो दिसणारच नाही. डिटेक्टर थोडा उबदार चालवून आणि व्होल्टेज उतरवून तो काळ काढावा लागला.

२०१७ मध्ये सीएमएस या सर्नमधल्या दुसऱ्या प्रयोगाने नवा पिक्सेल डिटेक्टर बसवला, आणि ऑक्टोबरपासून त्याचे डीसी-डीसी कन्व्हर्टर (चिपांना हवं ते व्होल्टेज करून देणारे भाग) मरू लागले. कन्व्हर्टर चालू असताना सगळं ठीक. अडकलेली चिप सोडवायला तो बंद अवस्थेत नेला, की किरणोत्साराने वाढलेली एका ट्रान्झिस्टरची गळती आतला एक बिंदू नको तेवढ्या व्होल्टेजला नेऊन ठेवायची. त्या हिवाळ्यात सगळे कन्व्हर्टर बदलले गेले. तेव्हापासून चाचणीच्या यादीत आम्ही 'बंद असताना' हा रकाना घातला आहे.

एलगॅडचं काय? ते तर वेळही मोजतात.

मोजतात, ३० पिकोसेकंदांच्या घरात. एलगॅड म्हणजे आतच भार वाढवणारा थर असलेले सेन्सर. पण भाजल्यावर त्यांच्या प्रवर्धक थरातला बोरॉन निकामी होत जातो, आणि भरपाईला व्होल्टेज चढवलं तर एकाच कणाने सेन्सर जळण्याचा धोका असतो. टेस्ट बीममध्ये अशा जळक्या खुणा नेमक्या त्या कणाच्या जागी सापडल्या. ५० मायक्रोमीटर जाडीला ५५० व्होल्टच्या आत राहायचं, हा धडा झोतातच मिळाला. प्रयोगशाळेत तेच सेन्सर त्याहून जास्त व्होल्टेजला सुखाने चालत होते.

आमचा निकाल ९८ टक्के, दुसऱ्या गटाचा ९६. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. दोघांचं व्होल्टेज, सिलिकॉनचं तापमान, थ्रेशोल्ड, कोन, फ्लूएन्स मध्यावरचा की सरासरी, कुठल्या कणांनी भाजलं, वगळलेले पिक्सेल आणि उबेतले तास एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. दोन टक्के त्यात कुठेतरी सापडतात. आमच्या बाबतीत निम्म्याहून अधिक वेळा ते शेवटच्या रकान्यात सापडले.

काम झालेल्या मॉड्यूलचं पुढे काय होतं?

फेकता येत नाही, किरणोत्सारी माल म्हणून त्याची नोंद असते. पिशवीत घालून, लेबल लावून तो परत उणे वीस-तीस अंशांच्या फ्रीझरमध्ये जातो. काही मॉड्यूल पुन्हा भाजायला जातात, पहिल्या फ्लूएन्सवर दुसरा चढवून. काही दोन-चार वर्षांनी एखाद्या नव्या शंकेसाठी बाहेर निघतात. आमच्या खालच्या कप्प्यात एक मॉड्यूल आहे, तीनदा भाजलेलं. बाहेर-आतच्या नोंदी एका कागदावर मावेनात म्हणून मागे दुसरा चिकटवला आहे. परवा तपासलं, अजून चालतं.